पुष्पोत्सव वैशाखात हवा

नाशिकमध्ये बागेचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते. बाग लावावी दिवाळीच्या सुमाराला, मिरवावी फेब्रुवारीत, आणि होळी पेटली की कुंड्या भिंतीकडेला सारून मृगाची वाट पाहावी. उन्हाळ्यात नाशिकला बाग होत नाही. रोपवाटिकेतला माणूस हे सांगतो, सोसायटीच्या बैठकीत सचिव हे सांगतात, बंगल्याभोवतीच्या बागेचा आराखडा करून देणारे सल्लागारही हेच सांगतात. महापालिकेचा पुष्पोत्सवही हिवाळा ओसरता ओसरता, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला भरतो, आणि तो तेव्हाच भरायचा याबद्दल कुणाला शंका येत नाही.

ही समजूत खोटी आहे. ती निरुपद्रवीही नाही. तिच्यामुळे या शहरात बागा दोन-अडीच महिन्यांसाठी आखल्या जातात आणि उरलेले वर्ष उजाड पडतात.

समजुतीची बाजू तिच्या समर्थकांच्या तोंडून ऐकावी. ते म्हणतात, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो; अशा उन्हात फूल तग धरत नाही. धरले तरी पाहायला येणार कोण? शिवाय धरणे तळाला गेलेली असताना बागेवर पाणी ओतणे हा अपराध. परदेशात मे महिन्यात पुष्पप्रदर्शने भरतात ती तिकडची हवा थंड म्हणून. आणि प्रदर्शन हा शेवटी डोळ्यांचा सोहळा, तो सुगीत व्हावा, टंचाईत नव्हे. ऐकायला हे सगळे शहाणपणाचे वाटते. एकेक मुद्दा हातात घेतला की त्यातले फारसे काही उरत नाही.

पहिला मुद्दा फुलांचा. एप्रिल-मेमध्ये नाशिकला फुले नसतात असे म्हणणाऱ्याने त्या दिवसांत मान वर करून पाहिले आहे का? बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो तो याच दिवसांत. गुलमोहर आणि सोनमोहर याच दिवसांत. करंजाखाली फिकट जांभळ्या फुलांचा सडा पडतो, शिरीषाचे गोंडे संध्याकाळी सुगंध सोडतात, डोंगरउतारावर कुडा पांढरा होतो. पेठ-सुरगाण्याच्या बाजूला मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती वेचण्यासाठी आदिवासी कुटुंबे उजाडायच्या आत झाडाखाली पोचतात. उन्हाळ्यातल्या फुलावर घरखर्चाचा काही भाग चालवणारी माणसे याच जिल्ह्यात राहतात, आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या शहराला उन्हाळ्यात फूलच दिसत नाही.

मग तामण. तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. त्याचा बहर उन्हाळ्याचा. महाराष्ट्र दिनाच्या आसपास हे झाड जांभळ्या तुऱ्यांनी भरलेले असते. राज्याचे म्हणून जे फूल निवडले तेच ऐन वैशाखात फुलते, आणि राज्यातली नावाजलेली प्रदर्शने मात्र थंडीत उरकतात: पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचे जानेवारीत, मुंबईच्या राणीच्या बागेतले जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला, आणि त्यांच्या पाठोपाठ नाशिकचे. राज्यपुष्पाचा बहर ज्या प्रदर्शनात कधीच दिसू शकत नाही, त्या प्रदर्शनाच्या तारखेचा पुनर्विचार करावा असे कुणालाच वाटू नये?

घरगुती फुलांचे पाहावे. मोगरा फुलू लागतो तो थंडी सरताना, आणि भरात येतो उन्हाळ्यात. थंडीत मोगऱ्याचा गजरा महाग का असतो आणि एप्रिलात स्वस्त का होतो, हे दारावर फुले घेणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. त्र्यंबकचा घाट उतरून गेले की जव्हार, मोखाडा, विक्रमगड हा पट्टा लागतो; तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याच्या लागवडी करून दादरच्या फुलबाजारापर्यंत माल पोचवला. पुण्यात दगडूशेठ गणपतीपुढे मोगरा महोत्सव होतो, तोही उन्हाळ्यातच. मोगऱ्याच्या जोडीला सोनचाफा, अनंत, मधुमालती, कण्हेर, खुरचाफा, बोगनवेल आहेतच. पहिल्या वळवाबरोबर जमिनीतून नुसता दांडा वर काढून लाल गोंडा उघडणारी फुटबॉल लिली आहे, जिला कितीतरी घरांत मे फ्लॉवर म्हणूनच ओळखतात. हंगामी फुलझाडेच हवी असतील तर झिनिया, कॉसमॉस, सदाफुली, चिनी गुलाब आहेत. या यादीत असे एकही नाव नाही जे मिळवायला खास खटपट करावी लागेल.

मराठी पंचांगाने तर हा वाद कधीच निकालात काढला आहे. वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. वर्षाचा पहिला दिवस कडुनिंबाच्या मोहोराने सुरू होतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते ती अक्षय्यतृतीयेपर्यंत, आणि तेवढ्या दिवसांत घरोघर तिच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडली जाते: फुले, फळे, कलिंगडाची कमळे, खेळणी, हिरवी झाडे. शेजारणी ती पाहायला येतात, आंब्याची डाळ आणि पन्हे घेतात, आरास कशी केली हे विचारतात, आणि पुढच्या वर्षी त्यातले काही आपल्या घरी करतात. एकीने मांडावे, दुसरीने पाहून आपल्या घरासाठी उचलावे: प्रदर्शन याहून वेगळे काय असते? उन्हाळ्यात फुले मांडण्याची आणि ती पाहून शिकण्याची रीत महाराष्ट्राच्या माजघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती महापालिकेच्या आवाराला का पेलू नये?

फेब्रुवारीची सवय कुठून आली हेही पाहायला हवे. पुष्पोत्सवात महापालिकेच्या मुख्यालयाच्या, म्हणजे राजीव गांधी भवनाच्या, आवारात ज्यांचे ताटवे डोळे दिपवतात ती झाडे बहुतेक थंड हवेची: पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स, डायँथस, कॅलेंडुला. सप्टेंबर-ऑक्टोबरात बी टाकायचे, थंडीत रोपे वाढवायची, माघ-फाल्गुनात फुले घ्यायची. इंग्रजी अमदानीत सार्वजनिक बागा आणि उद्यानविद्येच्या संस्था उभ्या राहिल्या. एम्प्रेस गार्डन सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० ची आहे. इंग्रजांना त्यांच्या मायदेशातल्या उन्हाळ्याची फुले इथल्या हिवाळ्यात फुलवता आली, आणि मायदेशाची आठवण देणारी बाग हीच खरी बाग ठरली. त्यांनी तसे करावे हे समजू शकते. ते जाऊन इतकी वर्षे लोटल्यावरही नाशिककराने स्वतःच्या वसंताला फुलांचा पडता काळ मानावे, याला काय कारण आहे?

आता प्रेरणेबद्दल. प्रदर्शन पाहून बाग कशी आखावी हे सुचते, असे सगळेच म्हणतात. सुचायलाच हवे, नाहीतर गुलाबांची स्पर्धा, बोन्साय, तबक उद्याने आणि पुष्परचना यांवर एवढी मेहनत घ्यायची कशाला? कुंडीत झाड वाढवून ते स्पर्धेला आणणाऱ्या माणसाचे कष्ट खरे असतात आणि त्यांचा आदर व्हायलाच हवा. प्रश्न पाहणारा घरी काय नेतो याचा आहे. तो फुललेल्या पिटुनियाची रोपे नेतो. ती त्याच्या पश्चिमेच्या बाल्कनीत मांडतो. मार्चअखेरीस ती पिवळी पडतात, एप्रिलात वाळतात, आणि तो माणूस ठरवून टाकतो की आपला हात बागेला चांगला नाही. हाताचा दोष नव्हता. त्याला जे दाखवले ते आयुष्य संपत आलेले झाड होते, आणि त्याला हे कुणी सांगितले नव्हते.

बागेची आखणी म्हणजे रंगांची मांडणी नव्हे. दुपारी तीन वाजता सावली कुठे पडते, पश्चिमेची भिंत किती तापते, फरशी रात्री किती वेळ उष्णता सोडते, वारा कुठून येतो, झाडाखाली माणसाला बसवते का, हे प्रश्न आधी येतात. फेब्रुवारीत यांतला एकही प्रश्न पडत नाही, कारण तेव्हा उन्हात बसणेच सुखाचे असते. मेमध्ये हे सगळे प्रश्न एकदम पडतात आणि त्यांची उत्तरे झाडाखाली उभे राहून अंगाला कळतात. बहावा देखणा, पण ऐन एप्रिलात त्याच्या अंगावर पाने जवळजवळ नसतात. बैठकीच्या जागेवर एकटा बहावा लावला तर बहर मिळेल, सावली मिळणार नाही. करंजाला आणि कडुनिंबाला मार्च-एप्रिलमध्येच नवी पालवी फुटते, आणि मे उजाडेपर्यंत त्यांच्याखाली दाट गारवा असतो. बकुळ आणि जांभूळ वर्षभर हिरवे राहतात. म्हणजे करंजाच्या सावलीत बसावे आणि समोर, थोड्या अंतरावर, बहावा फुललेला पाहावा. ही आखणी झाली. ती फेब्रुवारीतल्या कोणत्या मंडपात शिकता येईल?

लहान जागेचेही तेच. पश्चिमेच्या भिंतीवर मधुमालती चढवली की भिंत कमी तापते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतली मुळे उन्हाने भाजतात. मातीच्या कुंडीतली तेवढी भाजत नाहीत, आणि कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या तर आणखी कमी. वाळल्या पानांचा दोन बोटे थर मातीवर पसरला की ओल टिकते. वेलासाठी मांडव आधी, वेल नंतर. हे ज्ञान गुप्त नाही, नाशिकच्या गच्च्यांवर भाजी पिकवणाऱ्या कितीतरी जणांकडे ते आहे. पण त्यांच्या गच्चीला बक्षीस देणारा विभाग उन्हाळ्यात, तिच्या खऱ्या कसोटीच्या वेळी, कुठेच भरत नाही.

उन्हाळा हा झाडांचा निजण्याचा काळ, असेही सांगितले जाते. हे नाशिकमध्ये कुणी म्हणावे याचे विशेष आश्चर्य वाटते. इथल्या द्राक्षबागायतदाराला विचारावे. तो एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, वेलीच्या काड्या मागे घेतो, आणि छाटणीनंतर साधारण दोन महिन्यांत, नव्या फुटीच्या डोळ्यांत, पुढच्या हंगामाचा घड आत ठरतो. ऑक्टोबरची गोडी छाटणी त्यानंतरची. हिवाळ्याअखेरीस बाजारात येणाऱ्या द्राक्षाचा निर्णय मे महिन्याच्या उन्हात झालेला असतो. ठिबक, आच्छादन, शेडनेट, विरळणी ही सगळी विद्या या जिल्ह्याने शेतात पचवली. दिंडोरीकडच्या जानोरी-मोहाडीत पॉलिहाऊसमधला गुलाब पिकवला. उन्हाळ्यात झाड कसे सांभाळावे याचे इतके जाणकार शहराच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असताना शहराने हात वर करावेत?

पाण्याचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. नाशिक शहरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने कोरडे. पण यातून निघतो तो निष्कर्ष कोणता? बाग करू नये हा, की कोरड्या आठ महिन्यांत जगेल अशी बाग करावी हा? आज सोसायट्यांच्या आवारात जे चालते ते पाहावे. मेक्सिकन लॉनचा गालिचा, त्यावर ओळीने रॉयल पाम, आणि मेमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ पाइप. बागेवर पाणी वाया जाते असे म्हणणारे याच लॉनवर मुले खेळू नयेत म्हणून पाटी लावतात. पाणी बाग पीत नाही, चुकीची आखणी पिते.

लॉनच्या जागी मुरूम आणि फरशीच्या सांध्यांतली झाडे आली, मोठ्या झाडाचे आळे खोल केले, मातीचे भाजलेले, झिलई नसलेले मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, तर पाण्याची गरज किती उतरते हे कुणीही एका उन्हाळ्यात अनुभवू शकतो. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पावसाचे हिशेबाने सुमारे ६५,००० लिटर पाणी पडते. त्यातले किती बोअरच्या पुनर्भरणाला जाते आणि किती गटारात, हे प्रत्येक सोसायटीने तपासावे. टंचाईच्या महिन्यात प्रदर्शन नको असे म्हणणे म्हणजे तहानेवर बोलायला तहान भागण्याची वाट पाहणे. कमी पाण्यातली बाग दाखवायची असेल तर ती पाणी कमी असतानाच दाखवली पाहिजे. फेब्रुवारीत कोणतीही बाग काटकसरी दिसते.

चेल्सीचे उदाहरण दिले की लगेच उत्तर येते: तिकडची हवा वेगळी. हो, वेगळी आहे. लंडनला चेल्सीच्या मैदानावर १९१३ पासून मे महिन्यात प्रदर्शन भरते, आणि तिथला मे इथल्या पौषासारखा. पण तिथले प्रदर्शन तिथली झाडे तिथल्या हवेत भरात असताना भरते, एवढेच त्यातून घ्यायचे आहे, आणि नाशिक नेमके तेवढेच घेत नाही. त्याच चेल्सीत लागोपाठ दहा सुवर्णपदके मिळवणाऱ्या बेथ चॅटो यांनी पुढे काय केले? एसेक्समधल्या आपल्या रोपवाटिकेच्या मोटारी उभ्या करण्याच्या जागेवर त्यांनी १९९१-९२ मध्ये खडीची बाग केली. इंग्लंडचा तो सर्वात कोरड्या भागांपैकी एक. तिथे तग धरतील अशीच झाडे निवडायची आणि रुजल्यावर पाणी घालायचे नाही, असा त्यांचा नियम. ती बाग आज जगभरातले लोक पाहायला जातात, आणि ती प्रदर्शनात गाजलेल्या बाईनेच केली. इंग्लंडचा पाऊस वर्षभर वाटला जातो, नाशिकचा चार महिन्यांत संपतो, हा फरक मोठा आहे. म्हणून झाडांची यादी इथली असावी लागेल. पद्धत तीच.

प्रदर्शनांना हिवाळाच लागतो हेही खरे नाही. उटीच्या वनस्पती उद्यानातले प्रदर्शन शतकाहून जुने आणि ते मे महिन्यात भरते. उटी थंड, म्हणून ते उदाहरण बाजूला ठेवू. पण बंगळूरचे लालबाग? तिथे प्रजासत्ताक दिनाला एक प्रदर्शन आणि स्वातंत्र्यदिनाला, भर पावसाळ्यात, दुसरे. वर्षातून दोनदा, दोन ऋतूंत. नाशिकला फेब्रुवारीचे प्रदर्शन बंद करायचे नसेल तर करू नये, गुलाबाचा तो काळ आहेच. वैशाखातले सुरू करावे.

लोक येणार नाहीत, हा शेवटचा आक्षेप, आणि तो नाशिकबद्दलच्या अज्ञानातून येतो. चैत्र शुद्ध एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात तेव्हा या शहरातली गर्दी कुणी पाहिली नाही? गोदाघाटावर देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणात मे महिनाभर वसंत व्याख्यानमाला चालते, संध्याकाळी, उघड्यावर, आणि माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथे व्याख्याने ऐकायला येऊन बसतात. उन्हाळ्याची संध्याकाळ ही नाशिकची घराबाहेर पडण्याची वेळ आहे. फुलांचीही तीच. गुलबक्षी उन्हे कलल्यावर उघडते, मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी फुलतात, रातराणी अंधार पडल्यावर दरवळते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशी वेळ ठेवून उन्हाळ्यात कुणी येत नाही म्हणायचे, तर वेळ बदलावी. पाच ते दहा.

या शहराला फक्त रंगीत ताटवे आवडतात असेही कुणी समजू नये. पंचवटी हे ज्याच्या एका भागाचे नाव आहे, ते हे शहर. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून ‘आपलं पर्यावरण’ संस्थेने स्थानिक जातींची नाशिक देवराई उभी केली, तिथे पाणी घालायला सुट्टीच्या दिवशी साधी माणसे जात आली आहेत. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा नाशिककर त्या झाडांखाली जाऊन उभे राहिले. तपोवनात त्यांनी जे वाचवण्यासाठी आवाज उठवला त्यात पिटुनिया नव्हता. मोठी, जुनी, सावलीची झाडे होती. सावलीची किंमत कळणाऱ्या या लोकांना सावलीचे प्रदर्शन दाखवायला महापालिकेला संकोच कशाचा?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. अक्षय्यतृतीयेच्या आसपास तीन संध्याकाळी पुष्पोत्सव भरवावा. तो इमारतीच्या मजल्यांवर न भरवता एखाद्या मोठ्या उद्यानात, असलेल्या झाडांच्या सावलीत भरवावा. बक्षिसांचे विभाग बदलावेत: पश्चिमेच्या बाल्कनीची बाग, शंभर चौरस फुटांचे अंगण, सर्वात कमी पाण्यावर वाढलेली गच्ची, मोगऱ्याची जुनी वेल, लॉन काढून केलेले सोसायटीचे आवार. प्रत्येक स्पर्धकाने झाडाचे वय आणि रोजचे पाणी पाटीवर लिहावे. द्राक्षबागायतदारांना परीक्षक म्हणून बोलवावे आणि त्यांना आच्छादनावर, छाटणीवर बोलायला लावावे. विक्रीच्या गाळ्यांत तामण, बहावा, करंज, बकुळ, कुडा, सोनचाफा यांची रोपे असावीत आणि विकणाऱ्याने ती जूनच्या पहिल्या पावसानंतरच लावा, असे गिऱ्हाइकाला बजावून सांगावे. तोपर्यंत रोप घरातल्या सावलीत कुंडीतच राहू द्यावे. आणि दरवाजाशी, जिथे आजवर गुलाबांच्या कमानी उभ्या राहिल्या, तिथे फुललेल्या तामणाच्या फांद्या असाव्यात.